बत्तीमावशीचे भाडेकरू

जुन्या पेठेतला मोठा रस्ता बघायचा तर संध्याकाळी बघावा. दोन्ही बाजूंना दगडी कमानी, कमानींवर ओतीव लोखंडाच्या गॅलऱ्या, खिडक्यांभोवती चुन्यात काढलेल्या वेली आणि पार वर, आभाळाच्या कडेला, दगडात कोरलेली पेढ्यांची नावं. त्यातली एकही पेढी आता हयात नाही, पण एवढ्या उंचीवर चढून नाव खोडायला कोण जातो? खाली दुकानं चालतात, तळमजल्यापुरती. वरचे मजले केव्हाच ओस पडलेत. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. इथले वासे शिसवी आहेत, एवढाच काय तो फरक.

वरच्या खिडक्या अंधाऱ्या दिसल्या की गिऱ्हाईक दिवेलागणीच्या आत घरी पळतं. म्हणून व्यापारी मंडळाने एक शक्कल काढली. कोपऱ्यावरच्या सगळ्यात मोठ्या इमारतीत संध्याकाळी दिवे लावायचे. कुठे पडदा, कुठे कुंडी. खालून बघणाऱ्याला वाटावं, घरं नांदताहेत. या कामावर त्यांनी एक बाई नेमली आणि पेठेने तिचं नाव पाडलं बत्तीमावशी.

मावशी तरुणपणी याच इमारतीतल्या कापडाच्या दुकानात बटणांच्या काउंटरवर उभी असायची. लग्न झालं ते दुकानाच्या पहारेकऱ्याशी. संसार मांडला तो तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत. मूल झालं नाही, दुकान बंद पडलं, नवरा गेला, खोली तेवढी राहिली. इतकी वर्षं इथे काढून वरचे मजले तिने कधी पाहिले नव्हते. तिथे साहेबलोकांची बिऱ्हाडं, त्यांचा जिना वेगळा. किल्ल्यांचा जुडगा हातात आला तेव्हा ती पहिल्यांदा त्या रुंद जिन्याने वर गेली. सगळी इमारत रिकामी होती, तरी सागवानी कठड्याला हात लावायचा तिला धीर होईना.

दुसरी कोणी असती तर बटणं दाबून मोकळी झाली असती. मावशीला तिचा स्वभाव नडला. सगळे दिवे एकदम लागले तर ते घर वाटेल की इस्पितळ, हा तिचा सवाल. तेव्हा तिने खोल्याखोल्यांतून माणसं बसवली. कोपऱ्यावरच्या घुमटाच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, एक डॉक्टर; त्याचा दिवा उशिरा लागे, कारण रोगी त्याला सोडत नसत. लांब गॅलरीमागे नवराबायको. त्यांचं एकमेकांशी पटत नसे, म्हणून दोन खोल्यांत दोन दिवे. आणि तिसऱ्या मजल्यावर, गोल खिडकीच्या खोलीत, परीक्षेला बसलेली एक मुलगी. तिचा दिवा टेबलावरचा, ठेंगणा, सगळ्यांत शेवटी विझणारा. मुलीसाठी मावशी स्वतः खुर्चीत बसून राही, अधूनमधून उठून पडद्यासमोरून फिरे. मंडळाच्या सेक्रेटरीने एकदा विचारलं, "मावशी, एवढा वेळ वर करता तरी काय?"

"अभ्यास घेते," मावशी म्हणाली.

सेक्रेटरी हसत निघून गेला. त्या दिवशी तिच्याशी कोणी बोललं असेल तर तेवढंच.

मंडळाला खरे भाडेकरू हवेच होते, पण येणार कोण? पाणी वर चढत नाही, लिफ्टच्या पिंजऱ्यात कबुतरांनी बिऱ्हाड केलेलं. तरी एका सकाळी एक माणूस आला. बसचा ड्रायव्हर, नुकताच निवृत्त झालेला, बायको वारलेली. सेक्रेटरीने त्याला मावशीच्या हवाली केलं आणि जाता जाता हळूच म्हणाला, "याला टिकवा. एक टिकला की बाकीचे येतील."

हे मावशीला सांगायची गरजच नव्हती. जिना चढताना मागून दुसऱ्या कोणाची पावलं वाजत होती, तेवढ्यानेच तिला भरून आलं होतं. वर कोणी खोकलं तर खाली ऐकू यावं, याहून जास्त तिला आयुष्याकडून काही नको होतं.

ड्रायव्हरने दुसऱ्या मजल्यावरची खोली उंबऱ्यातूनच पसंत केली. ना भिंतीची ओल पाहिली, ना नळ उघडला.

"खोली कशीही असू दे ताई, शेजार कसा आहे ते सांगा. माझी बस रोज संध्याकाळी इथून जायची. कोपऱ्यावर सिग्नल लागला की मी वर बघायचो. गोल खिडकीच्या पडद्यावर अभ्यास करणाऱ्या मुलीची सावली दिसायची. आमच्या घरी गेल्यावर दिवा मलाच लावायचा असायचा. इथं सगळे लागलेले. म्हटलं, नोकरीतून सुटलो की इथंच राहायचं."

खरं काय ते मावशीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"शेजार चांगला आहे. शांत माणसं आहेत. उशिरा येतात, आपापल्या नादात असतात."

"चालेल. मला तरी कुठं घाई आहे?"

मावशीने ठरवलं, सामान येऊ दे, मग सांगू. सामान आल्यावर वाटलं, जरा रुळू दे. त्याची बादली वाजे, खुर्ची सरके, रेडिओ कुरकुरे आणि खाली मावशी दार उघडं ठेवून जेवे. जेवण अंगी लागू लागलं होतं. दिवे लावायची फेरी मात्र चोराची झाली. चपला हातात घेऊन, भिंतीच्या कडेकडेने, आपल्याच इमारतीत ती मांजरीसारखी वावरू लागली.

एका संध्याकाळी ती गोल खिडकीत बसलेली असताना खाली टकटक ऐकू आली. डॉक्टरच्या दारावर. मग नवराबायकोच्या. "नवीन शेजारी आहे, ओळख करून घ्यायला आलो होतो," त्याचा आवाज आला. जरा थांबून पावलं वर चढू लागली. मावशीचा हात बटणाकडे गेला. पण दार वाजल्यावर दिवा मालवतं ते कसलं घर? तिने उठून दार उघडलं.

इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, हातात पेनाची डबी.

"ताई, तुम्ही इथं? ती अभ्यास करणारी मुलगी कुठाय? तिच्यासाठी पेन आणलं होतं."

मावशी बाजूला झाली. टेबल, दिवा, खुर्ची. पुस्तक नाही, अंथरूण नाही. जमिनीवरच्या धुळीत अनवाणी पावलं होती ती एकाच माणसाची.

"मुलगी नाही," ती म्हणाली.

"बाहेर गेलीय?"

"कधी नव्हतीच. मीच बसते."

"आणि खालचे? दोन दिव्यांचे?"

"मीच."

"तो कोपऱ्यावरचा, उशिरा येणारा?"

"तोही."

तो खुर्चीत बसला. चिडला असता तर बरं झालं असतं; चिडलेल्या माणसाला समजावता येतं.

"मला तिचा चेहरासुद्धा माहीत होता," तो म्हणाला.

"मलाही," मावशी म्हणाली. मग तिच्याने राहवलं नाही. "पण मी आहे ना? मी खरीच आहे. खाली राहते. हाक मारलीत तर ऐकू येते मला."

"तुमचा दिवा कधी दिसला नाही."

"माझी खिडकी मागच्या बोळात आहे."

त्याने मान हलवली. डबी खिशात घातली आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरला.

महिना भरला तसा तो पुतण्याकडे राहायला गेला. किल्ली देताना म्हणाला, "राग नाही, ताई. पण आता कुठलीही खिडकी बघितली की तुम्हीच दिसता, अनवाणी जिना चढताना. मला ते बघवत नाही." मावशीने किल्ली जुडग्यात घातली. पुतण्याचं घर लांब आहे का, एवढंच तिने विचारलं.

सेक्रेटरीने कपाळाला हात लावला आणि फर्मावलं, त्याही खोलीत आता दिवा लावत जा. मावशीने पडदा लावला, कुंडी ठेवली. मग नेहमीप्रमाणे मधोमध उभी राहून इथे कोणाला बसवावं याचा विचार करू लागली. एखादी शिक्षिका. एखादा म्हातारा घड्याळजी. कोणीच टिकेना. त्या खोलीत खराखुरा माणूस राहून गेला होता, खोकून गेला होता. आता ती तिथे दिवा लावते आणि लगेच दार ओढून घेते. त्या एका खोलीत ती बसत नाही.