चाळीस घरांचा राक्षस

निकमकाका कुणाच्याही दारात उभं राहून बोलत नसत. लग्नाची पत्रिका द्यायची असो की शेजाऱ्याचं चुकून आलेलं पत्र, ते चपला काढून सरळ आत शिरत, थेट मोरीपर्यंत. जाताजाता पिंपात डोकावत, फ्रीजमागचा ट्रे ओढून बघत आणि मगच येण्याचं कारण सांगत. कॉलनीतल्या बायका वैतागत. "सरकारनं यांना रिटायर केलं, हे यांना कुणी कळवलंच नाही," असं खुद्द काकूच म्हणत.

सिडकोतल्या त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिलो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आठवडाभर अंबडच्या कारखान्यात पाळ्या करायच्या आणि रविवारी दुपारी मित्रांना जमवून फाशांचा खेळ मांडायचा, एवढीच माझी चैन. नियमांच्या पुस्तकाच्या झेरॉक्सची झेरॉक्स कुठूनतरी मिळाली होती. खेळ असा की एकजण गोष्ट रचतो, राक्षस उभे करतो. बाकीचे वीर होतात आणि कोण जिंकलं ते फासे ठरवतात.

गोष्ट रचणारा मी. एका रविवारी मी ज्वरासुर काढला होता. सुपाएवढे पंख, भाल्याएवढी सोंड. चावला की वीराला ताप चढणार आणि दर डावाला त्याचं बळ घटत जाणार. मी स्वतःवरच खूश होतो. काका नेहमीप्रमाणे आत आले, कूलरच्या टाकीत बोट फिरवलं आणि माझ्या कागदावर वाकले.

"हाई काय शे?" काका मूळचे नामपूरचे. नवल वाटलं की त्यांच्या तोंडून अहिराणी बाहेर पडे.

"डास आहे, काका. रोगराई पसरवणारा राक्षस."

"एवढा मोठा? मग लांबूनच दिसंल की तो. जो दिसतो त्याला कोण भितं?"

काकांची सगळी नोकरी हिवताप खात्यात गेली, त्यातली बरीचशी हरसूलच्या डोंगरात. दर पंधरवड्याला घरोघर जायचं, ताप असेल त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि येऊन गेल्याची खूण म्हणून भिंतीवर गेरूने तारीख टाकायची. "जलमभर डासामागं चाललो," ते म्हणत. "डास तिथंच हाय. गुडघे तेवढे गेले."

पुढच्या रविवारी त्यांनी आपला राक्षस आणला. मोहरीएवढा. त्याला तलवार लागत नाही, मंत्र लागत नाही. चाळीस घरांचं गाव आहे, त्यातल्या कुठल्यातरी घरात तो बसलाय, असं त्यांनी सांगितलं. वीरांनी प्रत्येक घरात शिरायचं, साठवलेलं पाणी तपासायचं, कुणी निजलंय का ते बघायचं, भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढे जायचं. एक घर राहिलं तरी आठवड्याने गाव तापाने फणफणणार. विसाव्या घरापर्यंत आम्ही जांभया देऊ लागलो. सव्विसावं झाल्यावर आमच्यातला प्रशांत कंटाळून म्हणाला, "काका, बाकीची बघितली असं धरा ना."

काकांनी हातातले फासे खाली ठेवले.

"मीबी धरलं होतं एकदा," ते म्हणाले. "पाड्याच्या टोकाला एक घर. चढ लय. त्या दिवशी पाय उचलत नव्हते. बाहेरूनच हाक मारली, ताप हाय का कुणाला? आतून आवाज नाय. म्हटलं, शेतावर असतील. तारीख टाकली नि उतरलो." फासे त्यांनी बाजूला सारले. "पोर आत पडलेली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली. हाक ऐकली असंल तिनं. उत्तर द्यायला जीव नव्हता. पंधरा दिवसांनी गेलो तर ती नव्हती."

"तिच्या वडलांनी काय केलं?" मी विचारलं.

"प्यायला पाणी दिलं. घर नव्यानं सारवलं होतं. माझ्या तारखेभवतीचा चौकोन तेवढा सोडला होता. म्हणला, सरकारनं लिवलेलं हाय साहेब, मोडू कसं? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे."

उरलेली चौदा घरं आम्ही मुकाट्याने पाहिली. राक्षस कुठेच सापडला नाही. "मग होता कुठे?" प्रशांतने विचारलं.

"नव्हताच," काका म्हणाले. "सगळी घरं बघितली की असंच असतं. काय घडत नाय. टाळ्या नाय, काय नाय." आणि गुडघ्यांवर हात ठेवून ते उठले.

पुढे माझं लग्न झालं, मी इंदिरानगरला राहायला गेलो. कारखान्यातून येताना काकांचं घर वाटेवरच लागायचं. मी गाडी बंद न करताच गेटवरून ओरडायचो, "काका, बरंय ना?" खिडकीतून आवाज यायचा, "बरंय, बरंय!" की मी पुढे. सगळा हिवाळा असाच गेला. पाळी करून अंग आंबलेलं असायचं. आत गेलं की चहा, गप्पा, तासभर मोडायचा. रविवारी जाऊ, असं दर रविवारी म्हणायचो.

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी आत गेलो. त्यांचा पलंग खिडकीशी ओढलेला होता. काकू म्हणाल्या, "दोन महिने पडूनच होते."

"मला सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढला. खरं तर मी चिडलो होतो तो स्वतःवर.

"मी म्हणायचे की, आत बोलवा त्याला. तर हे म्हणायचे, जाऊ दे, पोरगं दमलेलं असतं. गेटवरनं का होईना, रोज विचारतो ना." काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "फार केलंस रे बाबा."

त्या मनापासून बोलत होत्या. मला मान वर करता येईना. हरसूलच्या त्या बापाने जपलेला चौकोन काकांना जन्मभर का सोसवला नाही, ते मला त्या रिकाम्या पलंगाशी बसून कळलं.