वांग्यांनी तोललेला आमदार

आमच्या गावाची मी लहानपणापासून एकच मागणी ऐकत आलो, नाल्यावर पूल. गाव भाजीपाल्याचं, बाजार सेलूचा आणि मधे हा नाला. पावसाळ्यात तो भरला की लवकर उतरायचा नाही. तोडलेली वांगी पडवीत पडून राहायची, आधी मऊ पडायची, मग त्यांना पाणी सुटायचं. आमच्या घरात श्रावण म्हणजे सडक्या वांग्यांचा वास, दुसरं काही नाही.

आमदार दर निवडणुकीला म्हणायचे, पूल होणार. बाबा दर निवडणुकीला मान डोलवायचे. आणीबाणीनंतर विधानसभेची निवडणूक आली तेव्हा बाबांच्याच डोक्यातून निघालं की आमदारांची भाजीतुला करू. कुठं पुढाऱ्यांना गुळानं तोलत, कुठं नाण्यांनी. आपण वांग्यांनी तोलू, म्हणजे माणसाला थोडी तरी लाज वाटेल. मी तेव्हा बाबांबरोबर भाजीची वाडी करत होतो, पहिल्यांदाच मत देणार होतो. मलाही ते पटलं, याचंच आता नवल वाटतं.

चावडीपुढं कापसाचा मोठा काटा टांगला. आमदार पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्या पारड्यात घरोघरची बिनकिडीची, निवडून आणलेली वांगी पडू लागली. गृहस्थ चांगले वजनदार. वांगी संपली तेव्हा बायांनी कोबीचे गड्डे आणून टाकले. मग साहेब जेवले, भाजी पुन्हा मागून घेतली आणि ढेकर देऊन पुलाचं वचन दिलं.

टोपल्या जीपमध्ये चढवताना त्यांचा ड्रायव्हर सहज बोलून गेला, “काका, एवढं काऊन केलं? तुमचं गाव तर आता हिंगणघाटात गेलं. आमची हद्द नाल्यापर्यंतच राह्यली.”

कुणीतरी कुठंतरी बसून मतदारसंघाची नवी रेघ ओढली होती, ती नेमकी आमच्या नाल्यावरून. आम्हाला कुणी सांगायची तसदी घेतली नव्हती. बाबा जीपच्या खिडकीशी गेले.

“साहेब, हा म्हणून राह्यला की आमचं मत आता तुम्हाले नाई.”

“मताचं काय घेऊन बसले काका,” साहेब दात कोरत म्हणाले. “तुमचं प्रेम आहे ना.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. पारड्यात बसताना माहीत होतं, पुलाचं बोलतानाही. तरी एक टोपली खाली ठेवली नाही त्यांनी. मला त्या माणसाची अशी शिसारी आली की त्या रात्री ताटावर बसवेना.

निवडणूक झाली. आमच्या वाट्याला आलेल्या नव्या आमदारांकडे बाबा आणि मी हिंगणघाटला गेलो. त्यांच्यापर्यंत सगळं पोचलं होतं.

“त्याले वांग्यांनी तोललं म्हणते तुम्ही. मग पूलबी त्यालेच मागा. तसंबी एक टोक त्याच्याकडेच आहे.”

सोबतची माणसं हसली. बाबाही हसले, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. पुढच्या आठवड्यात आम्ही जुन्याच्या दारात. ते म्हणाले, दुसऱ्याच्या मतदारसंघात मी कसा हात घालू? वांग्यांत बरा घालता आला होता.

पुढं ऐंशीची निवडणूक झाली, पंच्याऐंशीची झाली. धूळ उडवत जीपा आल्या, हात जोडून गेल्या. नाल्याच्या अलीकडचे पलीकडच्यांवर ढकलायचे आणि पलीकडचे अलीकडच्यांवर. पडवीतला वास तोच.

मग एका वर्षी मृगाच्या तोंडावर बाबांनी वाफ्यातली वांग्याची सगळी रोपं उपटून बांधावर फेकली. आई धावत आली.

“लावायले आली होती ना रोपं. काऊन उपटून राह्यले?”

“यंदा कापूस लावतो,” बाबा म्हणाले. “तो सडत नाई. पूल होईपर्यंत थांबते.”