बनशंकरीच्या वाटेवरचा कानडी शब्द

समस्त भाविक, आप्तेष्ट आणि विशेषतः सासुरवाडीची मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मला कानडी येत नाही. घरात कानडी बोलणाऱ्या मैंदर्गी गावची बायको करून इतकी वर्षं संसार केला, तरी येत नाही. आणि याच अडाणीपणामुळे आम्ही दोघं जिवंत आहोत, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. त्या दिवसापासून माझा सगळा गोंधळच आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचा उन्हाळा. बायको टायफॉइडमधून उठली आणि बनशंकरीची ओटी भरायचा नवस फेडायला निघाली. ती गोळ्यांनी बरी झाली असं माझं मत, देवीनं बरी केली असं तिचं. हा वाद सोलापूरपासून घालत आम्ही बदामीला गाडीतून उतरलो. समोर ते तांबडेलाल कडे, भट्टीतल्या विटांसारखे पेटलेले! टांगेवाले हाका मारत होते, पण माझ्या अंगात प्रवासी संचारला. म्हटलं, "दरीतून पायी जाऊ. देवी काय पळून जाते?"

"देवी न्हाय पळत," ती म्हणाली, "पर माझ्या पायात बळ कुटं हाय?"

मी ऐकतो होय! दरीत वळणामागं वळण, सगळी सारखीच. वाट हरवली, पाणी संपलं, आणि ती एका कपारीच्या सावलीत बसली ती उठेचना. ओठ पांढरे, हात गार. "माणूस बघा कुणी," एवढंच पुटपुटली. मी पुढे धावत सुटलो. जन्मात पहिल्यांदा देवीला मनापासून हाक मारली, तीही भांडल्यासारखी: "वाद तू जिंकलीस, पण आता कुणाला तरी पाठव!"

तोच कड्यावरून एक बाई ओरडली, "कल्लु! कल्लु!" आवाज दरीत घुमला आणि माझ्या सोलापुरी कानांना ऐकू आलं, "कळलं? कळलं?" एरवी मी कशालाही "कळलं, कळलं" म्हणत पुढे जाणारा माणूस. त्या क्षणी मात्र थांबलो, वर बघत दोन पावलं मागे सरलो, हात जोडले आणि ओरडलो, "नाही हो बाई, काहीच कळलं नाही!" आणि मी जिथं पोचलो असतो, नेमका तिथं रांजणाएवढा धोंडा येऊन फुटला.

बाई शेळ्या राखणारी होती. खाली उतरली, माझ्या खुणा बघत मागोमाग कपारीपर्यंत आली, तिनं बायकोला घोटघोट पाणी पाजलं, डोक्यावर ओला पदर ठेवला. जरा धुगधुगी येताच दोघी कानडीत सुरू! मग बायको माझ्याकडे बघून हसली. "अवो, कल्लु म्हंजे दगड. दगड आला म्हनून वरडत हुती ती."

धोंडा शेळीच्या पायानं सुटला होता. त्याच शेळीमागं बाई आली, बाईबरोबर पाणी आलं. आता आभार कुणाचे मानायचे? बाईचे, शेळीचे, की न शिकलेल्या कानडीचे? मी हिशेब लावत राहिलो आणि बाईनं आम्हाला आधार देत देवळाच्या दारापर्यंत सोडलं.

बायकोनं स्वतःच्या पायांवर उभं राहून ओटी भरली. ते बघताना माझा हिशेब हातातून गळून पडला. सुटून गेला, आणि किती हलकं वाटलं! डोळे भरून आले. मागे रांग खोळंबली होती, पण मी भर गाभाऱ्यासमोर मोठ्यानं म्हणालो, "आई, मला काहीच कळलं नाही गं!"

आणि बायको बोलून गेली, "अवो, ते तिला कवाच कळलंय, सरका की पुढं!"