मामांनी केलेल्या वाटण्या

वाटण्या करून सुखी झालेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे अमळनेरचे माझे मामा; कारण त्यांनी वाटण्या केल्या त्या शेताच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कच्या. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाल्यावर त्यांना लिनक्सचा नाद लागला आणि आमची जेवणं धोक्यात आली. पानात कळण्याची भाकरी पडली की मामा तिचे तुकडे मांडून बसत. हा लहान तुकडा रूट, इथे सिस्टिम राहते. हा कोपरा स्वॅप, मेमरीत मावणार नाही ते ठेवायला. आणि हा मोठा होम, यात आपलं सामान. सिस्टिम बिघडली तर रूट पुसायचा, होमला हात लावायचा नाही. तोवर भरीत गार होई, पाहुणे समजल्यासारख्या माना डोलावत आणि मामी आतून म्हणत, आता खाऊ द्या त्यांना.

रूटच्या बाबतीत मात्र त्यांचा हात भारी आखडता. जागा थोडी वाढवा असं मी सुचवलं तर म्हणाले, "सिस्टिमले किती लागस? तिले काय लगीन करनं शे?" बाकी सगळी जागा मामींच्या गाण्यांना. मामींना हळदीच्या गाण्यांसाठी धरणगावपर्यंत बोलावणं असे. ती गाणी मामा घरी पंखा बंद करून, घामाघूम होत रेकॉर्ड करत. दुसरीकडे एक प्रत ठेवा म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, वाटणी केली आहे ना, मग कशाला?

मामी गेल्या. पुढे रूट अपडेटांनी गच्च भरला, मामांनी जागा करायला म्हणून त्यातल्याच काही फायली उडवल्या आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळी डिस्क पुसून नव्यानं टाकू. मामांनी तो डबा तसाच उचलून घरी आणला आणि मला धुळ्याहून बोलावून घेतलं. पेनड्राइव्हवरून ते नवी सिस्टिम टाकू लागले. यातली कुठली वाटणी पुसायची, असं पडद्यावर आलं, तेव्हा इतकी वर्षं भाकरी मोडून शिकवणाऱ्या माणसानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "भाऊ, तू देख. हाई रूटच शे ना?" मी पुन्हा पुन्हा वाचून हो म्हटलं.

सिस्टिम उभी राहिली, होम जोडला, गाणी जागच्या जागी होती. मामांनी हाताला आलं ते लावलं. मामींचा आवाज खोलीत आला. मामा आवाज वाढवायला धडपडत होते, तोच मामी गाणं तोडून दटावत्या झाल्या, "जरा उगा बठा, मन्हं गानं चालू शे."

मामांनी हात मागे घेतला. "हां, बठस," ते हळूच म्हणाले, आणि गाणं संपेपर्यंत हलले नाहीत.