फोनशिवायचा घास

तळेगावला घरी पोचले की चप्पल काढायच्या आधी मी सासूबाईंचा फोन चाचपायचे. लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा, तसा. फोन गरम लागला की लेकीचं संध्याकाळचं खाणं कसं झालं ते कळायचं. कधी काचेवर हळदीची बोटं सापडायची. नवरा म्हणायचा, तुला कंपनीच्या हापिसात कशाला घेतलं, पोलिसातच घ्यायला हवं होतं.

आहेच मी संशयी. लेक तीन वर्षांची होत आली तरी मोजकेच शब्द बोलायची, आणि त्यातलेही निम्मे फोनमधल्या बाईच्या सुरात. आणखी एक गोष्ट मला खुपायची. मी बोलत असताना ही माझ्या तोंडाकडे बघायचीच नाही. मग बोलायला शिकणार कुणाचे ओठ बघून?

शेवटी मी सासूबाईंना विचारलंच. वाटलं होतं, कानांवर हात ठेवतील. पण त्या सरळ म्हणाल्या, "दाखवते. चार घास पोटात जावेत म्हणून दाखवते. तू एक दिवस तिला फोनशिवाय जेवू घालून दाखव, मग बोल."

हे मला झोंबलं. लेकीचं भलं तर मला हवंच होतं, पण सासूबाईंना खोटं पाडायचं होतं हेही खरं. शनिवारी सुट्टी घेतली आणि लेकीला घेऊन माहेरी, तिकोणा पेठेला गेले. गेल्या गेल्या माझा फोन बंद करून अम्मीच्या लोखंडी पेटीत टाकला. पेटीची किल्ली कमरेला खोचली. अम्मी बघतच राहिली. "येवढं काय सोनं हाय का त्यात?"

दुपारी अम्मीनं तांदळाची मऊ भाकरी दुधात कुस्करली, नातीला पुढ्यात घेतलं आणि म्हणाली, "बिस्मिल्ला."

लेकीनं चटकन मान वळवली. घासाकडे नाही, अम्मीकडेही नाही. तिची नजर जमिनीवरून फिरत फिरत पाण्याच्या तांब्याशी जाऊन थांबली. तांब्याला काहीच टेकलेलं नव्हतं.

"कुटं बगतीया गं ही?" अम्मीनं विचारलं.

मला कळलं होतं. आमच्या घरी सासूबाई आधी बिस्मिल्ला म्हणत असणार, मग मसाल्याच्या डब्याला वगैरे टेकवलेल्या फोनवर बोट ठेवत असणार. रोज तसंच, त्याच क्रमानं. लेकीच्या लेखी बिस्मिल्ला म्हणजे आता गाणं सुरू होणार. सासूबाईंच्या ध्यानीमनीही नसणार हे. त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला.

लेकीनं तोंड उघडलं नाही. अम्मीनं काऊ दाखवला, माऊ दाखवली, स्वतः खाल्ल्याचं सोंग केलं. पोरगी ढिम्म. मग लेकच उठली, फडताळापाशी गेली आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आली. तो तांब्याला टेकवून उभा केला, समोर मांडी घातली, पुड्यावर नजर लावली आणि तोंड उघडलं.

अम्मी हसून हसून लोळायची बाकी राहिली. "लय हुशार हाय गं तुजी लेक! दे की आता घास, उघडलंय तोंड."

मला हसू आलं नाही. घास दिला असता तर ती जेवली असती. सोमवारी मी सासूबाईंना ताठ मानेनं सांगितलंही असतं की फोनशिवाय जेवली. पण ती त्या पुड्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तसं तिनं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मी पुडा उचलून मागे ठेवला आणि त्याच्या जागी, तांब्याला खेटून, स्वतः बसले. अगदी तिच्या समोर. म्हटलं, "बिस्मिल्ला."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. पहिल्यांदाच इतका वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला आणि माझ्या गालावर बोट ठेवलं. मला वाटलं, लाड करतेय.

तिनं ते बोट गालावरून एका बाजूला सरकन ओढलं आणि हात मागे घेऊन वाट बघत बसली.

माझ्या जागी दुसरं काही आलं नाही. तिनं पुन्हा बोट ओढलं, या वेळी जरा जोरात.