मागच्या खोलीतले साडेतीन फूट

गवंड्याजवळ एक लोखंडी काटकोन असतो. भिंतीच्या कोपऱ्याला टेकवला की कोपरा सरळ आहे की तिरका, ते लगेच कळतं. त्याला गुण्या म्हणतात. घरांची किंमत ठरवून देणाऱ्या मूल्यांकनकारांमध्ये एका गृहस्थांना सगळे गुण्यासाहेब म्हणत, कारण त्यांना तो काटकोन लागतच नसे. दारात चपला काढता काढताच ते सांगून टाकत, "ती खिडकीकडची भिंत बोटभर बाहेर गेलीय." टेप लावून पाहावं तर ती खरंच बोटभर बाहेर गेलेली असे. चाळीस वर्षं बँका त्यांच्या सहीवर डोळे मिटून कर्जं देत आल्या. साहेबांना स्वतःच्या नजरेचा इतका गर्व, की चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा त्यांनी चष्मेवाल्यालाच झापलं होतं.

अशा माणसाला एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा वर्गात बसायचं म्हणजे काय होत असेल, ते तुम्हीच बघा. पण नियम तो नियम. दर तीन वर्षांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण केल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण होत नसे. सकाळी सही, जेवणानंतर सही, संध्याकाळी पुन्हा सही; मधल्या मधे कुणी सटकू नये म्हणून. संघटनेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली होती आणि तिथल्या खुर्च्यांना उजव्या हाताशी लिहायची फळी होती. गुण्यासाहेब डावखुरे. दर तीन वर्षांनी ते त्या फळीबद्दल तक्रार करत आणि दर तीन वर्षांनी तसलीच खुर्ची त्यांच्या वाट्याला येई. मग ते मागच्या रांगेत बसून डुलक्या काढत, आणि चहाच्या वेळी नव्या पोरांना ऐकवत, "हे लोक मला टेप धरायला शिकवणार!"

या खेपेला प्रशिक्षक होता चाळिशीतला, गोड बोलणारा आणि हातात सतत खडू फिरवणारा. पहिल्या दिवशी दुपारी त्याने सगळ्यांना एकेक कागद वाटला. जुन्या तक्रारींमधलं एक प्रकरण, नावगाव सगळं काढून टाकलेलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शिकाऊ व्यक्तीच्या मोजमापावर विसंबू नका.' गुण्यासाहेबांनी कागद लांब धरून दोन ओळी वाचल्या आणि त्यांची झोप पार उडाली.

"घर बाहेरून एक्केचाळीस फूट लांब," प्रशिक्षक फळ्यावर चौकोन काढत सांगू लागला. "आतल्या खोल्या आणि भिंतींची जाडी धरून बेरीज मात्र साडेसदतीस. मग साडेतीन फूट गेले कुठे? विकणाऱ्याची मागची भिंत तडकून फुगली होती. ती दिसू नये म्हणून त्याने अलीकडे दुसरी भिंत उभी केली, रंग दिला आणि तिला कपाट ठोकलं. कुणी आतून नीट मोजलं असतं तर तिथंच चोरी पकडली गेली असती. पण शिकाऊ मुलीने आत न मोजताच बाहेरचा आकडा लिहून टाकला, असं चौकशीत निघालं. घर घेतलं एका शिक्षिकेने. दोन वर्षांत मागची अख्खी खोली पाडावी लागली."

वर्गात चुकचुकाट झाला. प्रशिक्षकाची नजर मागच्या रांगेकडे गेली. "आपल्यातले सर्वांत ज्येष्ठ काय म्हणतात बघू. गुण्यासाहेब, चूक नेमकी कुणाची?"

गुण्यासाहेब उठले. खरं उत्तर जिभेच्या टोकावर होतं, अगदी तयार होतं. एकोणीस वर्षांत कुणी हा प्रश्न त्यांना इतका सरळ विचारला नव्हता.

"शिकाऊ पोरांचं असंच असतं," ते म्हणाले. "पाय घरात, लक्ष बाहेर."

सगळे हसले. गुण्यासाहेब खाली बसले, आणि बसल्या क्षणी त्यांना स्वतःची अशी शिसारी आली की संध्याकाळची सही करताना त्यांनी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

ती शिकाऊ मुलगी म्हणजे त्यांची सख्खी भाची, घरात जिला सगळे चिंगी म्हणत. त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, तिला त्यांच्या हवाली केलं होतं. "हुशार आहे रे, पण तुझ्या हाताखाली राहिली तर मार्गाला लागेल." परीक्षेला बसायचं तर अनुभवी माणसाबरोबर दोन वर्षं काम करावं लागे. चिंगी चोवीस वर्षांची होती. ती टेपचं एक टोक धरी, मामा दुसरं. गिऱ्हाइकांसमोर 'साहेब' आणि रस्त्यावर आल्यावर "मामा, तू आज त्या माणसाला काय गप्प केलंस रे!" असा तिचा खाक्या. दोन वर्षं पुरी व्हायला सात आठवडे उरले होते तेव्हा ते घर आलं.

साहेबांना त्या दिवशी तीन घरं उरकायची होती आणि हे दुसरं होतं. ते अंगणात मालकाशी बोलत उभे होते. चिंगी आतून वही घेऊन आली.

"मामा, जुळत नाहीये. साडेतीन फूट कमी भरतायत."

"भिंतींची जाडी धरली नसशील."

"धरलीय. दोनदा मोजलं. ते मागचं कपाट जरा हलवून बघायचं का?"

"लोकांच्या घरातली कपाटं हलवत बसलो तर झालंच मग! अगं, मी दारातून पाहिली ना ती खोली. सरळ आहे." असं म्हणून त्यांनी तिच्या हातातली वही ओढली, तिच्या पेन्सिलीच्या आकड्यावर शाईची आडवी रेघ मारली आणि बाहेरच्या मापाशी जुळेल असा आकडा वर लिहिला. चिंगीने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मामाची नजर कधी चुकत नाही, हे तिला लहानपणापासून ऐकून पाठ होतं.

तक्रार आली तेव्हा गुण्यासाहेबांनी खुलाशात एकच वाक्य लिहिलं: आतलं मोजमाप प्रशिक्षणार्थ्याने केलं. वाक्य खोटं नव्हतं, हीच त्यातली हुशारी. चौकशी समितीपुढे चिंगी म्हणाली, "मी साडेसदतीसच लिहिलं होतं. मोजणीची वही बघा." अध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टेबलाच्या कडेकडे पाहत सांगितलं, "वही सापडत नाही." ती त्यांच्या घरी, टेबलाच्या खालच्या खणात होती. चिंगीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि नंतर कुठल्याही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. तिची दोन वर्षं रद्द झाली, परीक्षेची दारं बंद झाली. साहेब लेखी ताकिदीवर सुटले.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण त्याच संध्याकाळी ते ताईकडे गेले आणि म्हणाले, "पोरीच्या हातून चूक झाली. मी शक्य तेवढं सावरून घेतलं." ताईने त्यांचे दोन्ही हात धरले. "तू होतास म्हणून निभावलं रे," ती म्हणाली, आणि या गृहस्थांनी ते ऐकून घेतलं, वर चहाही घेतला. तेव्हापासून चिंगी त्यांना 'अहो मामा, तुम्ही' म्हणू लागली. ताईला वाटलं, मुलगी मोठी झाली.

वर्गातून घरी आल्यावर साहेबांनी खालचा खण उघडला. वही होती तिथंच होती. टाकून द्यायचा धीर त्यांना कधी झाला नव्हता आणि दाखवायचाही. पेन्सिलीचा आकडा पुसट झाला होता, पण वाचता येत होता.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाने खडू उचलायच्या आत गुण्यासाहेब उभे राहिले. "कालचं माझं उत्तर चुकीचं होतं," ते म्हणाले. "चूक शिकाऊ मुलीची नव्हती. तिच्यावर देखरेख करणारा माणूस मी होतो. चूक माझी होती."

आणि मग काय व्हावं? टाळ्या! एक जण तर उभा राहून वाजवू लागला. प्रशिक्षकाचे डोळे भरून आले. "याला म्हणतात मोठेपणा. हाताखालच्या माणसाची चूक स्वतःच्या शिरावर घ्यायची! लिहून घ्या सगळ्यांनी."

"अरे, काय लिहून घ्या?" साहेब कडाडले. "टाळ्या कसल्या वाजवताय? मी खोटं बोललो होतो. मराठीत सांगतोय ना?" त्यांनी पिशवीतून वही काढली आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात कोंबली. "बघा. पेन्सिलीतला आकडा तिचा. शाईची रेघ माझी. डावखुऱ्या माणसाची आहे, उलटी कललेली. करा पुढे."

वही हातोहात फिरली. शेवटी ती प्रशिक्षकाकडे पोचली. त्याने बराच वेळ ते पान पाहिलं, मग खडू खाली ठेवला.

"साहेब, हे मला समितीला कळवावं लागेल. तुमचा परवाना..."

"कळवा. आणि आधी त्या कागदावरचं वरचं वाक्य बदला."

नंतर दिवसभर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. तरी त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळं ऐकलं, आयुष्यात पहिल्यांदाच जागं राहून, आणि तिसरी सही करूनच ते वही घेऊन खाली उतरले.

चिंगी एका पडद्यांच्या दुकानात नोकरीला होती. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, हे तिचं काम. वर, मध्ये आणि खाली, अशी तीन वेळा ती खिडकी मोजे. दुकानदार तिच्या मापावर न विचारता कात्री चालवी, कारण तिच्या मापाचा पडदा कधी परत येत नसे.

"अहो मामा, तुम्ही? या, बसा," तिने कापडाचा तागा बाजूला सारला. साहेब बसले नाहीत. वही समोर ठेवून त्यांनी कालचं आणि आजचं सगळं एका दमात सांगून टाकलं. कालचं उत्तरसुद्धा वगळलं नाही.

चिंगीने पान उघडलं. आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे होती वही."

"होती. चिंगे, मी लेखी देतो. तुझी दोन वर्षं परत धरायला सांगतो. तुला अजूनही परीक्षेला..."

"त्रेचाळीस वर्षांची आहे मी. आता कसली परीक्षा?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि साहेबांना तो असता तर बरं वाटलं असतं. तिने वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"आई दवाखान्यात होती तेव्हाचं आठवतं तुम्हाला? मी घरी जायला निघाले की म्हणायची, कुलूप दोनदा ओढून बघ, तू वेंधळी आहेस. रोज म्हणायची. मी काहीही केलं तरी ती मागून एकदा तपासायची, पंधरा वर्षं. तिचं नाही काही चुकलं. तिला जे सांगितलं गेलं तेच तिने धरलं." तिने डोळे पुसले. "शेवटच्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नव्हता, तरी हाताने खूण केली. कुलूप."

साहेबांना ती खूण आठवत होती. त्या खोलीची लांबी-रुंदीही आठवत होती, पलंगाची, स्टुलाची, दोन्हींमधल्या जागेची. ताईने मग त्यांच्याकडे वळून पाहिलं होतं, आणि हसली होती, 'तू आहेस ना हिच्याकडे बघायला' असं काहीतरी त्या हसण्यात होतं.

"तिला फक्त एकदा कळायला हवं होतं," चिंगी म्हणाली. "बाकी मला काही नको होतं. तू होतास ना रे मामा तिथं? तिच्या उशाशी?"

"होतो," गुण्यासाहेब म्हणाले. "हातभर अंतरावर."