उस्मान मिस्त्रीनं कोंडून ठेवलेला गॅस

वाशिमजवळच्या मालेगावात उस्मान मिस्त्रीच्या फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर हत्यारं टांगलेली दिसत. भाजी चिरायची सुरी, उलथनं, खुरपं, लोखंडी सांडशी. प्रत्येकाखाली लाल ऑइलपेंटनं मालकाचं नाव. फ्रीजरमधलं बर्फ सुटत नाही म्हणून लोक टोकदार काहीतरी घेऊन ते उकरत. बर्फाखालचा पत्रा पातळ, त्यात गॅसची नळी. टोक घुसलं की गॅस उडून जायचा आणि फ्रीज नुसतं कपाट व्हायचं. मिस्त्री दुरुस्त करून द्यायचा, पण त्याचा एक नियम होता. ज्यानं भोसकलं ते हत्यार आधी दुकानात जमा करायचं, मगच फ्रीज न्यायचा. बायामाणसांची नावंही त्यानं सोडली नव्हती.

माझाही पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, त्या भिंतीवर होता. तेव्हा स्टँडजवळ माझं कोल्ड्रिंकचं दुकान होतं. फ्रीज हातगाडीवर घालून नेला. दुकानात सातआठ गिऱ्हाईकं बसलेली.

"कशानं मारला?" त्यानं विचारलं.

"मारला नाही, मिस्त्री. बर्फ काढून राह्यलो होतो."

"फुस्स आवाज आला का?"

"आला."

"मंग मारला. नाव?"

मी नाव सांगितलं, गाव केनवड सांगितलं. तो म्हणाला, "नाव लंबं हाये तुयं. भिंतीवर जागा नाही. केनवड लिहितो." लोक हसले. तेव्हापासून मी मालेगावात केनवडच झालो. आईबापानं ठेवलेलं नाव राहिलं आधार कार्डावर.

माणूस काटकुळा, डोळे बारीक, तोंड असं की ऐकणाऱ्याची कातडी सोलून काढायचं. कॉम्प्रेसरमधलं काळं तेल तो डब्यात साठवायचा, नालीत सोडायचा नाही. एकदा आसेगावचा एक पाटील ते तेल मागायला आला. म्हणे, "म्हशीच्या गोचिडायले लावतो." मिस्त्री म्हणाला, "आधी सासऱ्याले लावून पाह्य. तो आठ दिवस टिकला त मंग म्हशीले लाव. म्हैस महाग येते." पाटील जो गेला तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. मिस्त्रीला त्याचं काहीच नव्हतं. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, शब्द तुटायला नको, अशी त्याची रीत.

पुढं कोल्ड्रिंकचं दुकान बसलं आणि मी भंगारात शिरलो. मी चौथी शिकलेला माणूस, पण भंगारात कोणाला हार गेलो नाही. जुने फ्रीज घ्यायचे, फोडायचे, तांबं वेगळं, लोखंड वेगळं. फोडायची रीत सोपी होती. पक्कडीनं नळी तोडायची, गॅस हवेत सोडायचा, पाच मिनिटांत फ्रीज मोकळा. सगळेच भंगारवाले तसंच करत होते, आजही करतात.

मिस्त्री तेव्हा माझ्या आवारात आला. म्हणाला, "फोडायच्या आधी मले बोलावत जाय. मी गॅस काढून घेतो. तुले एक रुपया मांगत नाही."

"काहून? तुले काय करायचा तो?"

"कोंडून ठेवायचा."

अकोल्याला कुठल्याशा शिबिरात तो शिकून आला होता. त्याच्या भाषेत सांगायचं तर, "जुना गॅस वर जाते अन् वरचं पांघरूण फाडते. नवा आला तो फाडत नाही, पन गरमी धरून ठेवते. मे महिन्यात लोकं मले इचारतात, मिस्त्री, ऊन काहून वाढलं? मी म्हनतो, तुया पेचकसाले इचार."

एका जुन्या कॉम्प्रेसरला फळीवर बसवून त्यानं ओढायचं यंत्र केलं होतं. नळीला चिमटा लावायचा, आतला गॅस ओढून लोखंडी सिलिंडरात भरायचा. एका फ्रीजला अर्धा तास जायचा. त्याच्या घरामागच्या टिनाच्या शेडात असली सिलिंडरं रांगेनं उभी होती. ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. तो वाशिमच्या एका ऑफिसात गेला तर साहेब म्हणाले, "मिस्त्री, याचं खातं आमच्याकडं नाही." एकानं सांगितलं, लांब कुठं तरी हा गॅस जाळून संपवायचा कारखाना आहे, पण तिथं कंपनीचे कागद लागतात. मिस्त्रीजवळ कागद म्हणजे एक राशनकार्ड. तरी तो भरत राहिला. विचारलं की म्हणायचा, "आज नाही त उद्या खातं उघडन. तवा काय दाखवू, रिकामे हात?"

तीनचार वर्षं मी त्याला बोलावलं. मग माल वाढला. दारात फ्रीजची रांग, आणि हा फळीपाशी बसून यंत्राच्या काट्याकडं बघत राहणार. एक दिवस आइस्क्रीमवाल्याचा मोठा डीप फ्रीजर आला. मिस्त्रीला निरोप गेला, तो आला नाही. तासभर वाट पाहून मी पक्कड हातात घेतली, तेवढ्यात तो सायकलवरून उतरला.

"थांब!"

"मिस्त्री, मायं आवार हाये. तुया मशिदीचं अंगन नाही."

हे बोलायला नको होतं. पण बोललो. चार मजूर आणि आइस्क्रीमवाला उभे होते. मिस्त्री त्यांच्याकडं वळून म्हणाला, "पाहून घ्या, खुनी कसा दिसते ते. चाकू मारनारा परवडला. तो एकाले मारते. हा भडवा पैदा न झालेल्या लेकरायले मारून राह्यला."

माझं डोकं फिरलं. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून मी नळी तोडली.

गॅस सूंऽऽ करत सुटला. मिस्त्रीनं धावत येऊन तुटलेल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. तो गॅस सुटताना बर्फाहून थंड असतो, हे मला ठाऊक होतं, त्याला माझ्यापेक्षा जास्त. अंगठा पांढराफटक पडला. "चिमटा दे," तो म्हणाला. मी हललो नाही. मजुरांपैकीही कोणी हललं नाही, कारण मी हललो नव्हतो. शेवटी त्यानं दुसऱ्या हातानं स्वतःच्या पिशवीतून चिमटा काढला, नळी दाबून बंद केली, यंत्र लावलं आणि अर्धा तास बसून उरलेला गॅस भरून घेतला. मग सायकलवर टांग टाकून निघून गेला. आठ दिवसांनी ऐकलं, अंगठ्याचा शेंडा डॉक्टरनं कापला.

मी बघायला गेलो नाही. त्यानं खुनी म्हटलं होतं, मी का जावं? पाच वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बाजारात समोर आला तर मी रस्ता बदलायचो नाही, तोही बदलायचा नाही. खांद्याला खांदा घासून जायचो.

मग त्याची किडनी गेली. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा पुतण्या सलीम त्याला ऑटोत घालून माझ्या आवारात घेऊन आला. अंगावर मांस नव्हतं. ऑटोतून उतरलाही नाही.

"भीक मांगायले नाही आलो, केनवड. काम सांगायले आलो. माह्या मागं सिलिंडरं तू सांभाळ. या सलीमले अक्कल नाही, गावाले त्याहून नाही."

मी म्हणालो, "मले खुनी म्हनलं होतं ते वापस घे. आता, या मजुरायसमोर. मंग सांभाळतो."

 तो म्हणाला, "ते नाही घेत. खरं हाये ते." आणि ऑटोवाल्याला, "चाल रे."

एवढंच करायचं होतं मला, मान हलवायची होती. मी हलवली नाही. वीस दिवसांत तो गेला. मातीला मी गेलो, मागं उभा राहिलो, मूठभर माती टाकली आणि परत आलो.

मिस्त्रीचा चाळिसावा दिवस झाल्यावर चार दिवसांनी मी केनवडला शेतावर गेलो होतो. संध्याकाळी आवारात आलो तर मजूर खुशीत. एक म्हणाला, "काका, सलीम टेम्पो भरून सिलिंडरं टाकून गेला. दोन वर्षांचं पितळ निंगालं आज!"

आवारातल्या शेडजवळ सिलिंडरं आडवी पडली होती. त्यांचे पितळी वाल, म्हणजे तोट्या, काढून बाजूला ढीग घातलेला.

"गॅस?"

"सोडला ना. तुमीच त सांगतलं, आधी गॅस सोडायचा, मंग वाल काढायचा. सगळे एकदम खोलले. दहा मिनिटं नुसता फुफाटा, काका. जमीन पांढरी झालती. मज्जा आली."

मी एकेक सिलिंडर उचलून पाहिलं. हलकी होती सगळी. प्रत्येकावर त्याच लाल पेंटनं वर्ष लिहिलेलं. मजुराला शिवी द्यायला तोंड उघडलं, पण काय म्हणून देणार? त्यानं माझंच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या घरी गेलो. सलीमची कॉलर धरायची, असं ठरवून गेलो होतो. दारात मिस्त्रीची बायको, हमीदाभाभी, तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाट दाखवली.

"बसा, भाऊ. सलीम वाशिमच्या भंगारवाल्याले देऊन राह्यला होता. तो जास्त भाव सांगे. मी म्हनलं, एक सिलिंडर तिकडं गेलं त या घरात पाय ठेवजो नको. केनवडभाऊकडंच ने. मिस्त्री जाता जाता मले बोलले, केनवड अकडू हाये, तोंडानं हो म्हननार नाही, पन टाकनार नाही."

मी खाटेवर बसलो. ती सुपातले खडे वेचत होती.

"सावलीत ठेवले ना, भाऊ? उन्हात ठेवले त फुटतात म्हनत होते."

"हो, भाभी," मी म्हणालो. "सावलीतच ठेवले."